मागांची खटखट थांबली तेव्हा

सकाळी ऑफिसात आले तर माझी खुर्ची जागेवर नव्हती.

टेबल होतं, ग्राफचे कागद होते, रंगाच्या बाटल्या होत्या. खुर्ची तेवढी गायब. मी टेबलाखाली वाकूनसुद्धा पाहिलं, मांजरासारखी तिथं जाऊन बसली असेल तर! खोलीत दुसऱ्या टेबलावर बसणारा माझा सहकारी मान खाली घालून काम करत होता. त्याला विचारायची सोय नव्हती, कारण आमचं बोलणं बंद होतं. शेवटी हेडसाहेबांच्या केबिनच्या दारात गेले.

"साहेब, माझी खुर्ची दिसत नाही."

"दुरुस्तीला गेली असेल," हेडसाहेब वर न बघता म्हणाले. "काही दिवस उभ्यानं काम करा. तरुण आहात, कंबर मजबूत होईल."

त्यांच्यासमोर बसलेले कॅशियर खोऽखो हसले. मी परत आले, टेबलाशी उभी राहिले आणि दिवसभर उभीच राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की ही नोकरी सोडावी.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी बार्शीची. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते, तेवढ्या भांडवलावर मला सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायची नोकरी लागली. लागली त्या दिवशी मी एस.टी.त बार्शीपासून सोलापूरपर्यंत उभी आले, आणि पाय दुखतायत हे मला स्टँडवर उतरल्यावर कळलं, इतकी हवेत होते! आपण चित्र काढायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्यांची माळ मागावर चढवायची, आणि खाली चादरीत आपलंच चित्र धाग्याधाग्यानं उतरत यायचं. याहून भारी काम जगात असेल असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

मी आत्याकडे राहायचे. आत्याला माझ्या नोकरीचं एवढं कौतुक, की दारात भाजीवाली आली तरी तिला सांगायची, "आमची भाची ऑफिसात असते. बसून करायचं काम आहे." खुर्ची गेल्यावर हे वाक्य ऐकलं की मला हसू यायचं आणि लगेच रडूही यायचं.

कारखान्याच्या एका बाजूला माग आणि त्याला लागूनच ऑफिस. मागांची खटखट दिवसभर भिंतीतून आत यायची. एकमेकांशी बोलायचं तर ओरडून बोलायचं, ही तिथली रीतच होती. डिझाइनच्या खोलीत आम्ही दोघं. मी, आणि सांगोल्याकडून आलेला एक गडी. त्याच्या घरी मेंढरं होती. लहानपणी रानात मेंढरांमागं बसून तो सपाट दगडांवर कोळशानं चित्रं काढायचा, ती पाहून शाळेच्या मास्तरांनी त्याला शहरात पाठवलं होतं. हात असा होता, की एकाच रेघेत हत्ती उभा करायचा. बोलणं मात्र अस्सल तिकडचं. हाय, न्हाय, हितं, तितं. आणि हेडसाहेबांना नेमकं तेच सापडलं होतं. बाहेरगावचे व्यापारी आले की ते त्याला मुद्दाम बोलवायचे. "काय हाय हितं? लई चांगली नक्षी हाय, व्हय?" असं त्याच्याच तोंडावर त्याची नक्कल करायचे. व्यापारी हसायचे. हाही ओशाळं हसायचा आणि परत येऊन पेन्सिलचं टोक पार मोडेस्तोवर दाबायचा.

माझ्यासाठी वेगळी तऱ्हा. मी काढलेला मोर त्यांनी एकदा सगळ्यांसमोर उंच धरला आणि विचारलं, "हा मोर आहे का कोंबडी?" आणि पुढच्याच आठवड्यात तोच मोर, शेपटीला दोन पिसं जास्त लावून, त्यांच्या नावावर मालकांच्या टेबलावर गेला. मालकांना तो आवडला. हेडसाहेबांना शाबासकी मिळाली. मी दाराआडून ऐकत होते.

हेही सोसलं असतं. पण खोलीत दोन माणसं असावीत आणि दिवसभर एकमेकांशी चकार शब्द बोलू नये, हे फार वाईट. झालं असं होतं, की हेडसाहेबांनी मला एकदा केबिनमध्ये बोलवून हळूच सांगितलं, "तुमच्या शेजारच्यानं तक्रार केलीय. म्हणतो, खोलीत बाईमाणूस नको, काम होत नाही." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. आणि तोही नेमका त्याच सुमाराला माझ्याकडे पाठ करून बसायला लागला. मला वाटलं, बघा, खरंच होतं.

रविवारी संध्याकाळ झाली की मला सोमवार दिसायला लागायचा. आत्या कडक भाकरी कुस्करून त्यावर आमटी वाढायची, मी नुसती बोटं फिरवायचे. सोमवारी कारखान्याचा भोंगा ऐकू आला की मी चपला शोधण्यात उगाच वेळ काढायचे. काम तेच होतं, ज्याच्यासाठी मी एस.टी.त उभी आले होते. पण आता कागदावर फूल काढतानाही डोक्यात एकच, याला आज हेडसाहेब काय म्हणतील? फूल दबकतच उमलायचं.

"आत्या, सोडू का गं नोकरी?" एकदा विचारून पाहिलं.

"खुळी का काय तू!" ती म्हणाली. "बसून करायचं काम कुणी सोडतं?"

ऑफिसात माझ्याशी मोकळेपणानं बोलणारं एकच माणूस होतं, टायपिस्ट. वयानं बरीच मोठी, सगळे तिला आपा म्हणायचे. घरी दखनी उर्दू बोलायची, आमच्याशी मराठी आणि दखनीची भेळ. मशीनसमोर ताठ बसायची आणि हेडसाहेब काही टोचून बोलले की मशीनवर इतक्या जोरात कळा मारायची, की त्यांचं पुढचं बोलणं ऐकूच येऊ नये. "सुन पोरी," ती मला म्हणायची, "उसका काम बोलनेका, अपना काम नै सुननेका." पण मला ते जमत नव्हतं.

आणि मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. आजही आठवला की मी बसल्या जागी सरसावून बसते!

दुपारची वेळ. पत्रा तापून खोलीत भट्टी झाली होती. मी ओला रुमाल मानेवर टाकून उभ्यानं काम करत होते. सांगोल्याचा गडी नेहमीसारखा पाठ करून बसलेला. आपा काही कागद द्यायला आमच्या दारात येऊन उभी राहिली होती. पलीकडे केबिनमध्ये हेडसाहेब आणि कॅशियर बोलत होते, म्हणजे रीतीप्रमाणे ओरडत होते, पण खटखटीत आम्हाला शब्द कळत नव्हते.

आणि वीज गेली.

एका क्षणात सगळे माग थांबले. सोलापुरात राहिलेल्या माणसालाच कळेल ती शांतता कशी असते. कानात कुणी कापूस कोंबावा तशी. पण बोलण्याच्या भरात असलेल्या माणसाचा आवाज काही विजेबरोबर बंद होत नाही. त्या शांततेत हेडसाहेबांचा आवाज, मागांवर मात करायला लावलेला, पूर्ण उंचीचा, अख्ख्या ऑफिसात घुमला:

"...अहो, त्या पोरीला सांगितलं, तो तुझी तक्रार करतो. त्या मेंढक्याला सांगितलं, ती तुझ्या चहाड्या मालकांना सांगते. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तोवर आपण बिनघोर! एक झाले तर मालकांकडे जातील ना! खुर्ची तर मीच टाकलीय गोदामात. बघू किती दिवस उभी राहते..."

आणि मग त्यांना कळलं, की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतोय. वाक्य तिथंच तुटलं.

मी आणि सांगोल्याचा गडी, दोघंही एकाच वेळी वळलो. किती महिन्यांनी आम्ही एकमेकांचा चेहरा नीट पाहिला! तो हळूच म्हणाला, "म्हंजे... मालकाला माझ्या उशिरा यायचं तुमी न्हाय सांगितलं?"

"मी? मी मालकांशी कधी बोललेच नाही! तुम्हीच म्हणालात ना, खोलीत बाईमाणूस नको?"

"आवं, मी कशाला म्हनू? मला तर वाटायचं, बाईला विचारावं हे फूल कसं काढलं. पर तुमी तोंड फिरवून!"

दारातल्या आपानं तोंडावर पदर धरला होता. तो सुटला आणि ती जी हसायला लागली! "या अल्ला! इत्ता सच तो इने जिंदगीमें पैली बार बोल्या! वो बी बिजलीवालोंकी मेहरबानीसे!"

तिच्या हसण्याची अशी लागण झाली, की मलाही आवरेना आणि त्यालाही. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं सगळं हसूनच बाहेर आलं.

मग तो गडी उठला. सरळ बाहेर गेला. मला वाटलं, आता केबिनमध्ये शिरतो आणि मारामारी होते. पण तो गेला गोदामाकडे, आणि थोड्या वेळानं परत आला तो डोक्यावर माझी खुर्ची घेऊन! वैरणीचा भारा आणावा तसा, दोन्ही हात मोकळे सोडून, ऑफिसच्या मधोमध, हेडसाहेबांच्या केबिनसमोरून, सावकाश. कारकून उभे राहून बघत होते. कुणीतरी मागून टाळी वाजवली, मग आणखी एकानं. त्यानं खुर्ची माझ्या टेबलाशी ठेवली, गळ्यातल्या रुमालानं पुसली आणि म्हणाला, "बसा बाई."

मी बसले. माझं काळीज असं धडधडत होतं, की थांबलेला माग आपल्याच छातीत चालू झालाय असं वाटलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मालकांकडे गेलो. मालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं, मोराचंही ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुना माणूस आहे. स्वभाव आहे एकेकाचा. तुम्ही लहान आहात, जरा सांभाळून घ्या."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर तो म्हणाला, "बाई, इतकी वर्सं मी रोज म्हनतो, उद्या जातो सांगोल्याला, मेंढरं राखतो. पर रोज येतोच हितं. आज मातर..."

"आज मलाही," मी म्हटलं.

खरं सांगते, खुर्ची गेली तेव्हा मला नोकरी सोडावीशी वाटली होती, पण ती भीतीनं. पळून जावं तशी. आता वाटत होतं ते निराळंच होतं. 'सांभाळून घ्या' या दोन शब्दांनी मला कळलं, की इथं काही बदलणार नाही. आणि कळल्याबरोबर मी मोकळी झाले! आपण जाऊ शकतो! दार उघडंच आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघं कारखान्यासमोरच्या हॉटेलात गेलो. आतल्या बाजूला पडदा लावलेली फॅमिली रूम होती. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी पाऊल ठेवलं. भजी मागवली. आपा म्हणाली, "राजीनामा मैं टाइप करती. दोनो के. बोलो, वजह क्या लिखूं?"

"वैयक्तिक कारण," मी म्हटलं. "सगळे तेच लिहितात."

"न्हाय," सांगोल्याचा गडी म्हणाला. "माझं मी हातानं ल्हितो. खरं कारण ल्हितो."

आणि त्यानं तिथंच, भज्यांच्या बशीशेजारी कागद ठेवून लिहिलं, अगदी आपल्या बोलीत: 'हितं माझ्या बोलन्याला हसत्यात. मी हितं ऱ्हात न्हाय.' वाचून आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीही 'वैयक्तिक' रद्द केलं आणि स्वच्छ लिहायला सांगितलं, की माझी खुर्ची काढून घेतली, माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, म्हणून मी जाते.

"आपा, आणि तुमचा?" मी विचारलं.

"मैं कायकू जाऊं?" ती भजं तोंडात टाकत म्हणाली. "अब्बा बिस्तरपे हैं, दवा लगती. और दूसरी बात, मैं गयी तो वो खुश हुएगा. मैं उसके सामने बैठके रोज टाइप करूंगी. जोर जोरसे!"

परत गेल्यावर तिनं माझा राजीनामा असा टाइप केला, की लग्नात ताशा वाजावा. ऑफिसातल्या सगळ्यांना कळलं, काय चाललंय ते. आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो आणि कागद ठेवले. हेडसाहेबांनी आधी त्याचा वाचला. सवयीनं ओठ मुडपले, नक्कल करायला तोंड उघडलं, पण दाराकडे नजर गेली आणि ते तसंच मिटलं. दारात आपा उभी होती, तिच्यामागं दोन कारकून होते, आणि कुणीही हसायला तयार नव्हतं.

मालकांना कळलं तेव्हा ते स्वतः खाली आले. "दोघं एकदम? सीझनच्या तोंडावर?" म्हणाले, तुम्हाला वेगळी खोली देतो, पगाराचं बघतो. क्षणभर माझं मन हललं. आत्याचा चेहरा दिसला. दुसरी नोकरी हातात नव्हती. पण मी विचारलं, "आणि हेडसाहेब?" मालक घड्याळ बघायला लागले. बस्स. मी पिशवीत ब्रश भरले.

बाहेर पडलो तर उन्हानं रस्ता पांढरा झालेला, चिटपाखरू नाही. आणि मला मात्र गड्ड्याच्या यात्रेत आल्यासारखं वाटत होतं! ओरडावंसं वाटत होतं! सांगोल्याचा गडी स्टँडकडे निघाला. मी म्हटलं, "आज नका जाऊ हो. चला, काम शोधू."

"आज? आत्ताच?"

"आत्ताच!"

शहराच्या पूर्वेला तेलुगू विणकरांची वस्ती. घराघरांत माग, गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खटखट. आम्ही दारोदार विचारत सुटलो, नक्षी काढणारं कुणी हवंय का? कुणी हसलं, कुणी कुत्रं हाकलावं तसं हाकललं. एका दारात एक म्हातारीशा बाई सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. माझी पिशवी बघून त्यांना वाटलं, मी पापड विकायला आलेय. "वद्दू, वद्दू," म्हणत हात हलवला. मी पिशवीतून ग्राफचा कागद काढून दाखवला. त्यांनी हातातलं काम थांबवलं, कागद उजेडात धरला आणि आत हाक मारली. त्यांचा मुलगा बाहेर आला. घरातल्या घरात थोडेच माग होते त्यांचे. तो म्हणाला, "बाजारात सगळीकडे तोच मोर, तेच कमळ. आमची चादर ओळखू कशी येणार? वेगळं काही काढाल?"

वेगळं! हा शब्द मला त्या कारखान्यात कुणी म्हणालं नव्हतं. मी तिथंच, त्यांच्या उंबऱ्यावर बसून काढायला सुरुवात केली. काय काढलं? ज्वारीची कणसं! बार्शीच्या वाटेवर एस.टी.च्या खिडकीतून लहानपणापासून पाहिलेली, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेली. सांगोल्याचा गडी माझ्या खांद्यावरून बघत होता. "हितं पाखरू बसवा की," तो म्हणाला. "कनसावर पाखरू नसलं तर ते कनीस कसलं?" मग पाखरू त्यानं काढलं. एकाच रेघेत.

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. आत्यानं पहिल्या दिवशी डोक्याला हात लावला, दुसऱ्या दिवशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला. दोघांना पुरेल एवढा, वर शेंगाची चटणी. पट्ट्यांना भोकं पाडायचं काम सांगोल्याचा गडी त्या घरच्या मुलाबरोबर करत होता. ते झालं की गावी जायचं म्हणत होता. तिथल्या शाळेत चित्रकलेच्या मास्तरांची जागा निघाली होती. ती त्याला पुढे मिळालीही. हत्ती काढायला शिकवताना मुलांशी तो हाय-न्हायच बोलायचा, आणि तिथं कुणी हसत नव्हतं.

जुन्या ऑफिसची खबर आपाकडून कळायची. हेडसाहेबांचं काही वाकडं झालं नाही, ते पुढे बरीच वर्षं तिथंच होते. पण आमच्या खोलीत माणूस टिकेना. नवा यायचा, थोडे दिवस बसायचा, एक दिवस ब्रश उचलून चालू पडायचा. मालक म्हणायचे, हल्लीच्या पोरांना कामाची आवडच नाही. आपा हे सांगताना मालकांचा आवाज काढायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

माग सुरू व्हायचा दिवस उजाडला. पट्ट्यांची माळ वर चढली. मी मागाशेजारी उभी. मुलानं बटण दाबलं. खट, खटाखट, खटाखट! सुताचा धोटा इकडून तिकडे पळू लागला. आधी नुसती किनार. मग मध्ये एक हिरवा ठिपका. मग देठ. मी वाकून बघत होते. ओळीमागून ओळ चढत गेली आणि एकदम, हो, एकदमच, ते कणीस कणीस दिसायला लागलं! आणि त्याच्या टोकावर चोच! "आलं! पाखरू आलं!" सांगोल्याचा गडी ओरडला, आणि मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, आणि मागाच्या आवाजात दोघांचंही कुणाला ऐकू गेलं नाही.

चादर मागावरून उतरली तेव्हा म्हातारीबाईंनी ती दोन्ही हातांत घेतली, कणसावरून अंगठा फिरवला. मला म्हणाल्या, "बागुंदी." तेवढं तेलुगू मला कळत होतं. छान आहे.

तेवढ्यात आपा ऑफिस सुटल्यावर तडक तिथं आली. उन्हानं चेहरा लाल झालेला. तिनं चादर पाहिली, काही न बोलता ओढून घेतली आणि त्या जीवघेण्या उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून अंगणात गिरकी घेतली. घामानं निथळत होती आणि म्हणत होती, "ये मेरी! इसको मैंने पैले देखा, ये मेरी!" म्हातारीबाई तेलुगूत, मी मराठीत, सगळे एकदम तिला सांगत होतो, अगं काढ, चक्कर येईल! ती काही काढायला तयार नव्हती.